बाबांच्या मानेच्या मापाचा मॉनिटर

ती. आई-बाबांना सा. न.

परवा फोनवर बाबांच्या लॅपटॉपला मोठा पडदा जोडायचा विषय अर्धाच राहिला. आईच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि फोन ठेवला गेला. म्हणून सविस्तर लिहिते आहे. फोनवर बाबा "बरं, बरं" म्हणतात आणि शेवटी करतात मनासारखंच.

बाबा, पहिली गोष्ट, तो बत्तीस इंची टीव्ही टेबलावर आणायचा विचार सोडा. दादा सांगतो त्यात चूक नाही, केबल जोडली की चित्र दिसेल. पण त्या एचडी रेडी टीव्हीवर आडवे 1366 आणि उभे 768 ठिपके, म्हणजे पिक्सेल, असतात. तुमच्या लॅपटॉपच्या पडद्यावरही तेवढेच आहेत. आईला लगेच कळेल: गोळा तेवढाच आणि पोळी दुप्पट रुंद. लॅपटॉपवर एका इंचात शंभर ठिपके बसतात, टीव्हीवर जेमतेम 49. लांबून बातम्या बघायला ते पुरतं. हातभर अंतरावरून कुळवृत्तांताच्या तक्त्यातली नावं वाचायची, तर प्रत्येक अक्षराला पायऱ्या दिसतील. शिवाय काही टीव्ही चित्राच्या कडा कापतात, म्हणजे खालची पट्टी अर्धी गायब. लाल-निळ्या रंगात लिहिलेलं तर फिसकटल्यासारखंच दिसतं, आणि तुम्ही माहेरवाशिणींची नावं लाल रंगात टाकता!

मोठ्या पडद्याच्या मोहात मीही फसले होते. 2020च्या लॉकडाऊनमध्ये घाईघाईत 27 इंची फुल एचडी मॉनिटर घेतला. फुल एचडी म्हणजे 1920 गुणिले 1080. 24 इंचात हे ठिपके इंचाला 92 पडतात, 27 इंचात 82वर येतात. आकड्यांत फरक किरकोळ वाटतो, पण आपल्या लिपीत एका अक्षराच्या डोक्यावर आणि पायाशी किती गर्दी असते बघा. "द्ध" आणि "द्घ" वेगळे ओळखायला मला मान पुढे काढावी लागायची.

त्यात तिसऱ्या महिन्यात त्याचा एक ठिपका मेला. पांढऱ्या पानावर बारीक काळा ठिपका, बरोब्बर शिरोरेघेच्या वर यायचा. एका भाडेकराराचं मुद्रितशोधन करताना मला "भांडेकरार" दिसला. नसलेला अनुस्वार खोडायला गेले आणि काना खोडून बसले. पक्षकाराकडे "भडेकरार" गेला! कंपनीने पॅनेल बदलून दिलं नाही. किती ठिपके मेले तर बदलून मिळेल, हे वॉरंटीच्या कागदात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ते मी नंतर वाचलं. तेव्हा तुमचा मॉनिटर आला की पहिल्याच दिवशी सगळा पडदा एकदा पांढरा, एकदा काळा, मग लाल, हिरवा, निळा करून नीट बघू. परत करायची मुदत थोडीच असते.

आता मुख्य मुद्दा, तुमची मान. दिवाळीत आले होते तेव्हा मी दारात उभी राहून बघत होते. लॅपटॉप दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर चढवलेला आणि तुम्ही हनुवटी वर करून बसलेले, न्हाव्याच्या खुर्चीत दाढीला बसावं तसे. कोणीतरी तुम्हाला सांगितलंय की पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी. ते साध्या नजरेच्या माणसाला ठीक. तुमचा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे. वरच्या भागातून लांबचं दिसतं, खालच्या भागातून पुस्तक, आणि कॉम्प्युटरच्या अंतरासाठी मध्ये एक अरुंद पट्टी. ती पट्टी पडद्यावर आणायची म्हणून तुम्ही मान मागे टाकता. तास-दोन तास असं बसल्यावर रात्री आईला बाम चोळायला लागणारच. मानेत दोष नाही, पडदा उंच आहे. ते अंक आजच खाली काढा.

म्हणून मॉनिटर असा हवा, ज्याचं स्टँड वर-खाली होतं. स्वस्तातल्यांचं फक्त पुढं-मागं कलतं. यासाठी थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, ते मी घालते, वाद नको. पडदा टेबलाला जवळजवळ टेकेल इतका खाली आणि वरची बाजू किंचित मागे कलवायची. शिवाय मोतीबिंदूच्या डॉक्टरांकडे पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर सेंटीमीटरमध्ये मोजून न्या आणि फक्त त्या अंतराचा वेगळा चष्मा मिळेल का, ते विचारा. खरं तर मॉनिटरपेक्षा त्याचाच उपयोग जास्त होईल असं मला वाटतं.

बाकीचं पटकन. 24 इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनेल. आयपीएस अशासाठी की व्हिडिओ कॉलला आई शेजारी तिरकी बसते, तिलाही नातवाचा चेहरा काळपट दिसायला नको. पडदा मॅट हवा, चकचकीत नको. अक्षर लहान वाटलं तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल 125 टक्के करायचं. 27 इंचीच हवा असा हट्ट असेल, तर 2560 गुणिले 1440चा घेऊ, फुल एचडी नक्की नको. दुकानदार 165 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 165 वेळा चित्र बदलणारा, आणि वक्र पडदा गळ्यात मारायला बघेल. ते गेम खेळणाऱ्यांसाठी आहे, तक्त्याच्या सरळ ओळी सरळच बऱ्या. विजेची काळजी नको, असा मॉनिटर साधारण 20-25 वॅट खातो, आपल्या जुन्या ट्यूबलाइटपेक्षा कमीच, इन्व्हर्टरवर आरामात चालेल.

टेबल खिडकीसमोरून हलवा. खिडकी ना पाठीशी ना तोंडासमोर, डाव्या-उजव्या बाजूला हवी.

आई, तुला दोन विनंत्या. त्याला क्रोशाचं कव्हर घालशील हे मला माहीत आहे, पण बंद केल्यावरच घाल, मागच्या जाळीतून गरम हवा निघते. आणि काच पुसायचा निळा फवारा त्यावर मारू नकोस. बाबांचा चष्मा पुसायचं मऊ फडकं कोरडंच फिरव.

बाबा, मला दोन गोष्टी कळवा. टेबलाची खोली, भिंतीपासून तुमच्या बाजूच्या कडेपर्यंत, टेपने मोजून, वितीने नाही. आणि लॅपटॉपच्या दोन्ही बाजूंचे फोटो, म्हणजे मॉनिटरची केबल लावायचं, एचडीएमआयचं भोक आहे का ते दिसेल. शनिवारपर्यंत पाठवलंत तर मी इथून पुण्याहून मागवते आणि गुढीपाडव्याला येईन तेव्हा जोडून देते. तोवर दादाला टीव्ही उचलू देऊ नका.

तुमची,
धाकटी