धिरडी, खिचडी आणि एक उसने पुस्तक

आदरणीय बाई,

ख्रिस्तात सलाम. समोरासमोर आभार मानले असते, तर तुम्ही चहाचे आधण ठेवण्याच्या निमित्ताने आत निघून गेला असता, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहीत आहे.

यांच्या स्मरण उपासनेनंतर घरी येणाऱ्यांची रीघ लागली होती. देवाची इच्छा, ते प्रभूजवळ सुखात आहेत, आता मुलांकडे बघून दिवस काढ, अशी वाक्ये ऐकून माझे कान बधिर झाले होते. बोलणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती, पण प्रत्येकाला मी लवकर सावरलेली हवी होते. तुम्ही मात्र खाकी कागदाचे वेष्टन घातलेले एक इंग्रजी पुस्तक माझ्या हाती दिलेत आणि म्हणालात, “घाई नाही, पावसाळा संपला की परत कर.” त्या घटकेला मला तुमचा रागच आला होता. नवऱ्याला जाऊन महिनाही झाला नव्हता आणि बाई मला प्रेमकथा वाचायला देत होत्या!

जॅनेट ओक या कॅनेडियन लेखिकेची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ ही १९७९ सालची कादंबरी. नव्या वस्तीच्या शोधात नवऱ्याबरोबर पश्चिमेकडे निघालेली मार्टी वाटेतच विधवा होते. तिला दिवस गेलेले आहेत आणि परतायला पैसे नाहीत. अशा वेळी क्लार्क नावाचा विधुर तिच्यापुढे लग्नाचा व्यवहारी प्रस्ताव ठेवतो, कारण त्याच्या चिमुकल्या मिसीला आई हवी असते. वसंतात गाड्यांचा तांडा पूर्वेकडे परतेल तेव्हा जावेसे वाटले, तर भाड्याचे पैसे मी देईन, असा शब्दही तो देतो. मार्टीला स्वयंपाक येत नाही. ती सकाळी पॅनकेक करते, दुपारी पॅनकेक करते आणि रात्रीही तेच. आपल्या भाषेत सांगायचे तर तिन्ही त्रिकाळ धिरडी! हे वाचत होते तेव्हा चुलीवर खिचडी होती, आदल्या दिवशीची नव्हे, पण आदल्या दिवशीसारखीच, कारण सलग तीन आठवडे मी दुसरे काही रांधलेच नव्हते. मला हसू आले. यांच्यामागे आलेले ते पहिले हसू होते, आणि त्याची इतकी लाज वाटली की मी उठून दार लावून घेतले.

आतल्या खोलीतून सासूबाईंनी विचारले, “काय झालं गं?” त्या रात्रीपासून मी त्यांना ते पुस्तक मराठीत सांगू लागले. डाव्या हाताचे बोट इंग्रजी ओळीवर ठेवून, अडखळत, जमेल तसे. त्यांचा मुलगा गेला होता आणि माझा नवरा. तरी तोपर्यंत आम्ही दोघींनी त्याच्याविषयी एकमेकींशी चकार शब्द काढला नव्हता. क्लार्कची पहिली बायको एलन हिचा उल्लेख आला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “बघ, तिला कुणी पुसून टाकलं नाही.” मग त्या यांच्या लहानपणाविषयी बोलू लागल्या, ते थेट पहाटेपर्यंत. बाई, माझ्या मनात पुन्हा लग्नाचा विचार नाही आणि या पुस्तकाने तो घातलाही नाही. नवे प्रेम आत यावे म्हणून जुन्याला बाहेर काढावे लागत नाही, एवढे मात्र मला त्या रात्री उमगले.

बायबलमधले रूथचे पुस्तक आम्ही दोघींनी त्यानंतरच पुन्हा उघडले. “तुझे लोक ते माझे लोक” हे वचन लग्नांत किती वेळा ऐकले असेल, पण ते एका विधवा सुनेने विधवा सासूला दिलेले आहे, याकडे माझे लक्षच गेले नव्हते. ती सासू, नामी, तर उघड म्हणते की मला ‘मारा’, म्हणजे कडू, म्हणा, सर्वसमर्थाने मला फार क्लेश दिले आहेत. तिच्या या कडवटपणाबद्दल पवित्र शास्त्र तिला रागावत नाही. अशा कादंबऱ्यांविषयी माझी तक्रार आहे ती इथेच. त्यांत प्रार्थनेचे उत्तर फार वेळेवर येते, आणि शेवटच्या प्रकरणापर्यंत कुणाच्याही मनात देवाविषयी राग उरत नाही. माझ्या मनात अजून आहे, आणि तो घेऊनच मी रविवारी मंडळीत बसते.

सासूबाईंची शंका वेगळीच होती. “एवढी मोकळी जमीन होती, तर आधी तिथं कोण राहत होतं?” अमेरिकेत १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे राहून शेत कसणाऱ्याला १६० एकरांपर्यंत जमीन मिळू लागली, पण ती ज्यांच्या हातून गेली ते मूळ रहिवासी या प्रकारच्या कथांत बहुतेक वेळा कडेलाच राहतात. हे मी तुम्हाला सांगितले तेव्हा तुम्ही पुस्तकाची बाजू घेतली नाहीत. “प्रश्न बरोबर आहे,” म्हणालात आणि कपाटातून बाबा पद्मनजींचे ‘यमुनापर्यटन’ काढून दिलेत. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा आणि ही कादंबरी १८५७ ची. विधवांचे केशवपन, त्यांचे हाल, यमुनेचे वैधव्य, तिचा ख्रिस्ती विश्वास आणि पुनर्विवाह. कथा म्हणून ती ओबडधोबड आहे, जागोजागी प्रवचनाला थांबते. तरीही माळरानावरच्या मार्टीहून यमुना आम्हाला जवळची वाटली, कारण तिचे दुःख तिच्या एकटीचे नाही; गावोगावच्या बायकांचे ऐकत ती पुढे जाते.

क्लार्कने मार्टीला वसंताची मुदत दिली होती, तुम्ही मला पावसाळ्याची. मधल्या काळात तुम्ही एकदाही विचारले नाहीत, वाचून झाले का, बरे वाटते का. त्याबद्दल तुमचे सर्वांत जास्त आभार.

दसरा होऊन गेला, मुदत टळली आहे. दोन्ही पुस्तके घेऊन येत्या शनिवारी संध्याकाळी येते. सासूबाईही बरोबर येणार आहेत. मिसीचे पुढे काय झाले ते त्यांना कळायला हवे आहे, तेव्हा पुढचा भाग कपाटात असेल तर काढून ठेवावा, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
तुमची एक जुनी विद्यार्थिनी