करंट जाणार हे आदल्या दिवशी कळू दे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘स्वमग्न मुलांचा दिनक्रम काटेकोर पाळा’ असं सांगणारा मजकूर आपल्या पुरवणीत वाचला. सल्ला चुकीचा नाही, पण लिहिणाऱ्याच्या घरी माग नसावेत. आमचे बेळगावच्या वडगावात चार यंत्रमाग, राहत्या घराच्या मागच्याच खोलीत. धाकटा मुलगा सात वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम असलेला), बोलतो मोजकंच. जन्मापासून खडखडाट ऐकत आलाय, त्याचा त्याला त्रास नाही. त्रास होतो माग थांबल्यावर. करंट गेला की घर एकदम गप्प होतं आणि हा कान दाबून भिंतीवर डोकं आपटायला लागतो.

थेरपिस्टबाईंनी चित्रांचा दिनक्रम, म्हणजे दिवसभरातल्या कामांची चित्रं ओळीनं, लावायला सांगितला. मी मोबाइलवरून चित्रं काढून छापून आणली. अंघोळीच्या चित्रात टब! आमच्याकडं बादली नि तांब्या. पोरगं त्या कागदाकडं बघेचना. मग बाई म्हणाल्या, चित्र राहू दे, वस्तूच द्या. अंघोळीआधी हातात तांब्या, बाहेर जाताना चप्पल. दोन महिन्यांनी फोटोवर आलो, तेही आमच्याच बादलीचे, आमच्याच ताटाचे. फोटो चिकटवायला मी जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणायच्या यंत्राची, जुनी पुठ्ठ्याची कार्डं घेतली. फुकटची आणि दणकट. त्यांना भोकं असतात हे माझ्यासारख्या विणकराच्या ध्यानात येऊ नये? फोटो सोडून तो भोकांतून उजेड बघत बसला. शेवटी लॅमिनेशन करून वेलक्रोनं पट्टीवर लावले. काम झालं की कार्ड काढून कुंद्याच्या (आमच्याकडच्या मिठाईच्या) रिकाम्या डब्यात टाकायचं. ‘झालं’ हा शब्द तो त्या डब्यापाशीच बोलायला लागला. चित्रं दिली तर पोरगं बोलायचंच नाही, असं म्हणणाऱ्या पाहुण्यांनी येऊन ऐकावं.

बाई कन्नड, शाळा कन्नड, आजीला मराठीशिवाय येत नाही. घरात मराठी बंद करा, असंही एकानं सुचवून पाहिलं. आजीला काय गप्प बसवणार? कार्डावर अक्षर नाही, त्यामुळं कुणी ‘ऊटा’ म्हणो की जेवण, ताट तेच. (2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नताही आहे. तरी पट्टी शाळेत दिली तेव्हा ‘खेळणी पाठवू नका’ म्हणून परत आली. त्यावर वेगळं पत्र लिहीन.)

पण या पट्टीचा खरा कस लागतो तो दिनक्रम मोडतो त्या दिवशी. त्यासाठी एक पिवळं कार्ड आहे, बदलाचं. ते पहिल्यांदा वाईट दिवशी काढायचं नाही, हे बाईंनी बजावलं होतं. म्हणून सुरुवातीला अभ्यासाचं कार्ड त्याच्यासमोर काढायचो, तिथं पिवळं लावायचो आणि शेजारी गाडीवरच्या चकरेचा फोटो. असं आठ-दहा वेळा झालं तेव्हा पिवळं दिसलं की तो चप्पल शोधायला लागला. त्यानंतर मी बंद रेल्वे गेटचा फोटो काढला. थेरपीला जाताना ‘दुसरं गेट’ नावाचं रेल्वे फाटक लागतं, आणि ते उघडं सापडेल याचा नेम नाही. पूर्वी तिथं गाडीवरून खाली उडी घ्यायचा. आता निघतानाच पिवळ्यासोबत तो फोटो हातात देतो, आणि मालगाडीचा शेवटचा डबा जाईपर्यंत तो दोन्ही हातांनी धरून उभा असतो.

तसंच करंटचं कार्ड आहे. थांबलेला माग आणि शेजारी पेटलेली बॅटरी. पण एकदा करंट गेला आणि तो बिथरला की कार्ड दाखवून उपयोग नाही, तेव्हा त्याला कार्ड दिसतच नाही. ते सकाळच्या चहाआधी पट्टीवर लागलेलं पाहिजे.

म्हणून आपल्याकडं एकच मागणं. दुरुस्तीसाठी वीजपुरवठा बंद राहणार असल्याची बातमी आतल्या पानावर, निधनवार्तांच्या खाली, बारीक अक्षरांत येते; कधी त्याच दिवशीच्या अंकात. ती आदल्या दिवशी, पहिल्या पानावर, चौकटीत द्यावी. भागांची नावं आणि वेळ ठळक असली की पुरे. परवाच्या रविवारी ती बातमी मला दुपारी, भजी बांधून आलेल्या कागदावर सापडली. तोवर माग थांबून तास झाला होता.

आपला,
एक यंत्रमागधारक पालक,
वडगाव, बेळगाव