पंख आणि आग खोडून टाक

चि. अथर्व,
अनेक आशीर्वाद.

चीनच्या तक्त्यासाठी काढलेल्या ड्रॅगनचा फोटो आईने दाखवला. झकास आहे, पण तो युरोपातला झालाय. पंख आणि तोंडातली आग खोडून टाक. चिनी ड्रॅगन, म्हणजे ‘लोंग’, आग ओकत नाही, पाऊस पाडतो. तो नद्यांत, समुद्रात, ढगांत राहतो आणि पंखांवाचून उडतो. पाऊस ओढ देऊ लागला की लोक लोंगराजाच्या देवळात जाऊन त्याला साकडं घालत. त्याला मारायला निघेल असा शूरवीर तिथे कशाला कुणाला हवा? पेरण्या त्याच्याच भरवशावर!

शिंगं हरणाची, मान सापाची, खवले माशाचे, नख्या गरुडाच्या, कान बैलाचे असं त्याचं जुनं वर्णन आहे. नख्या मात्र मोजून काढ. चीनच्या शेवटच्या, छिंग राजवटीत एका पंजाला पाच नख्या असलेला ड्रॅगन सम्राटाचा मानला जाई, चार नख्यांचा खालच्या मानकऱ्यांचा. बीजिंगच्या बेहाई बागेत नऊ ड्रॅगनांची रंगीत भिंत आहे, 1756 सालची. तिचे फोटो समोर ठेव.

अजिंठ्याला 19 नंबरच्या लेण्याबाहेर फण्यांखाली बसलेला नागराज आठवतो? बौद्ध ग्रंथ चिनीत गेले तेव्हा ‘नाग’साठी तिकडे ‘लोंग’ हाच शब्द घेतला. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाचं चिनी नावही ‘लोंगशू’. तेव्हा आपला नागराज आणि त्यांचा लोंगराजा भाऊबंदच म्हणायचे.

मुलाचा ड्रॅगन व्हावा, अशी चिनी आईबापांची आस त्यांच्या एका म्हणीतच आहे. पिवळ्या नदीवर लोंगमन नावाची घळ आहे. प्रवाहाविरुद्ध पोहत जो कार्प मासा ती उडी मारून पार करतो तो ड्रॅगन होतो, अशी कथा. पूर्वी दरबारी नोकरीची परीक्षा पास झालेल्याला हीच उपमा देत. चिनी पंचांगात ड्रॅगनचं वर्ष बारा वर्षांनी येतं आणि त्या वर्षी मूल व्हावं म्हणून पुष्कळ जण थांबतात. 2023 मध्ये चीनमध्ये 90.2 लाख मुलं जन्मली, 2024 या ड्रॅगन-वर्षात 95.4 लाख. आता हे सगळे ड्रॅगन एकाच वर्षी शाळेच्या आणि परीक्षेच्या रांगेत उभे राहणार, हे त्या आईबापांच्या लक्षात आलं नसेल का?

तूही 2012 च्या जूनचा, म्हणजे त्यांच्या हिशेबाने ड्रॅगनच. आईला सांगितलं, तर म्हणाली, “मग अंघोळीला एवढा का कंटाळतो?”

तक्ता कधी द्यायचाय ते कळव. सोनेरी रंग संपला असेल तर रविवारी भेटायला येताना आणतो.

तुझा,
बाबा