पदक सर्वांत आधीच्या शौर्याचे, पण पहिले नव्हे

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील अमेरिकी यादवी युद्धावरील लेखात सार्जंट विल्यम कार्नी यांना ‘मेडल ऑफ ऑनर (अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक) मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय’ म्हटले आहे. हे विधान दुरुस्त व्हायला हवे. ज्या कृष्णवर्णीयांना हे पदक मिळाले, त्यांच्यात कार्नींची कामगिरी तारखेने सर्वांत आधीची, हे खरे. परंतु पदक त्यांच्या हाती आले ते 1900 साली, आणि तोवर ते अनेक कृष्णवर्णीयांना मिळाले होते. नौसैनिक रॉबर्ट ब्लेक यांना तर 1864 मध्ये, युद्ध चालू असतानाच.

तारखांचा हा कीस काढण्याचे कारण कामगिरी आणि पदक यांच्या मधली 37 वर्षे हे आहे. व्हर्जिनियात 1840 साली गुलामीत जन्मलेले कार्नी 54व्या मॅसॅच्युसेट्स या उत्तरेच्या सैन्यातील कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणीत भरती झाले आणि 18 जुलै 1863च्या संध्याकाळी चार्ल्सटनजवळच्या फोर्ट वॅग्नर या दक्षिणेच्या किल्ल्यावरील हल्ल्यात, निशाणधारी कोसळताच त्यांनी निशाण उचलून तटापर्यंत नेले व अनेक जखमा सोसत परत आणले. लेख इथेच थांबतो. याच पलटणीला गोऱ्या सैनिकांसारख्या महिना 13 डॉलरऐवजी 10 डॉलर पगार देऊ केला गेला आणि त्यातूनही 3 डॉलर कपड्यांपोटी कापण्याचे ठरले, तेव्हा सुमारे दीड वर्ष सैनिकांनी पगारच घेतला नाही; लढत मात्र राहिले. घरी बायकामुलांचे हाल होत असताना घेतलेला हा निर्णय मला तटावरच्या चढाईहून कमी धैर्याचा वाटत नाही. अमेरिकी काँग्रेसने (संसदेने) समान वेतन मान्य केले जून 1864 मध्ये, आणि त्याच महिन्यात कार्नी जखमांमुळे सैन्यातून मुक्त झाले. पुढे तीसहून अधिक वर्षे त्यांनी न्यू बेडफर्ड शहरात घरोघर टपाल वाटले.

फोर्ट वॅग्नरनंतर दहाच वर्षांनी, 1873 मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. ती अर्पणपत्रिका वाचताना आपल्या डोळ्यांसमोर बहुधा गोरे उपकारकर्तेच येतात (माझ्याही येत असत). स्वतःच्या मुक्तीसाठी बंदूक धरणारे, बिनपगारी लढणारे हजारो कृष्णवर्णीय येत नाहीत.

तरी वरील दुरुस्ती छापावी आणि लेखमालेच्या पुढील भागात पगाराच्या या लढ्याला जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा