सही एकाची, झळ दुसऱ्यांना

महोदय,

रिॲलिटी शोमधून बाहेर पडलेला स्पर्धक 'संकलनात मला खलनायक केले' अशी तक्रार करतो, तेव्हा ती सहसा अगदीच खोटी नसते. एका प्रसंगातले वाक्य आणि दुसऱ्याच प्रसंगातला चेहरा जोडून भांडण उभे करणे संकलकाला सहज जमते, आणि तशी मुभा देणाऱ्या करारावर बहुतेकदा स्पर्धकाने आधीच सही केलेली असते. ब्रिटनमध्ये २०१९ साली 'द जेरेमी काइल शो' त्यात सहभागी झालेल्या एका व्यक्तीच्या मृत्यूनंतर बंद झाला, आणि २०२१ पासून तेथील प्रसारण नियामक 'ऑफकॉम'च्या नियमांनी सहभागींच्या काळजीची जबाबदारी वाहिन्यांवर टाकली. हे योग्यच झाले.

तरीही उच्चारलेला शब्द उच्चारणाऱ्याचाच असतो. मला अधिक खटकते ती घरी राहिलेल्यांची अवस्था. घटस्फोटित पत्नीचे स्वभावदोष, भावाचे व्यसन, आईचे कर्ज हे सारे कॅमेऱ्यासमोर डोळे पुसत सांगणाऱ्याने फक्त स्वतःची संमती दिलेली असते. त्या तिघांना कोणी विचारलेले नसते, आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात, शेजारीपाजारी, नातेवाइकांत तोंड द्यावे लागते ते मात्र त्यांना. 'भावनेच्या भरात बोलून गेलो' हा बचाव मला पटत नाही, कारण एखादी गोष्ट खरोखरच लपवायची असते तेव्हा हीच मंडळी कॉलरजवळचा माइक मुठीत घट्ट दाबून कुजबुजताना दिसतात.

– एक वाचक