ओंडक्यावर बसण्याचा सल्ला मागे घ्या

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतील ओरेगॉनच्या किनाऱ्यावरील हिवाळी वादळांविषयीचा लेख इथे पोर्टलंडजवळ राहून वाचला. लेखाची भाषा देखणी आहे. परंतु पुळणीवर पडलेल्या ओंडक्यांवर निवांत बसून लाटा पाहाव्यात, हा त्यातील सल्ला वाचून अतिशय संताप आला.

गेल्या डिसेंबरात माझा भाचा पुण्याहून आला होता. लिंकन सिटीच्या पुळणीवर पंधरा-वीस मिनिटे समुद्र इतका निवळला होता की, वादळ ओसरले असे समजून तो फोटोसाठी पाण्याकडे पाठ करून एका ओंडक्यावर चढला. पुढची लाट आधीच्या सगळ्या लाटांच्या खुणा ओलांडून थेट कोरड्या वाळूवर आली. पाणी जेमतेम घोटाभर होते, पण तेवढ्यानेही तो अवजड ओंडका गडगडला. भाचा बाजूला फेकला गेला, म्हणून पायाच्या मोडलेल्या हाडावर निभावले. ओंडक्याखाली सापडला असता, तर बहिणीला मी काय तोंड दाखवले असते?

अशा लाटेला इथे 'स्नीकर वेव्ह' म्हणतात आणि राष्ट्रीय हवामान सेवा तिच्याबद्दल इशारे देते. हिवाळ्यात पाण्याचे तापमान 10 अंश सेल्सिअसच्या आसपास असल्याने पडलेल्या माणसाचा श्वास अडकतो, आणि कपड्यांत वाळू भरली की पोहणाऱ्यालाही उठता येत नाही. त्यात उधाणाची भरती असेल तर उभे राहायला पुळणच उरत नाही. लेखात यांपैकी एका गोष्टीचाही उल्लेख नाही. वादळ पाहूच नये, असे मी म्हणत नाही. कूस बेजवळच्या शोअर एकर्स उद्यानात कड्यावर खास बंदिस्त निरीक्षणगृह आहे. तिरप्या वालुकाश्मावर आपटून उंच उडणाऱ्या लाटा तिथून मनसोक्त पाहता येतात.

आणखी एक. लेखात या वादळांना सर्रास 'चक्रीवादळ' म्हटले आहे. ही वादळे थंड आणि उबदार हवेच्या संघर्षातून उत्तर पॅसिफिकवर तयार होतात. उष्ण समुद्रावर पोसलेले, 3 जून 2020 रोजी रायगडच्या बागा झोपवणारे 'निसर्ग' वेगळे. ज्यांच्या माडा-पोफळी त्या दिवशी उन्मळल्या, तेही आपले वाचक आहेत. दोन्ही दुरुस्त्या येत्या रविवारी त्याच पानावर छापाव्यात, ही विनंती.

आपली,
एक वाचक, बीव्हर्टन (ओरेगॉन)