बोलतं व्हा, पण कोणापाशी?

मा. संपादक,
स. न.

कालचं मानसिक आरोग्याचं पान वाचलं. चार तज्ज्ञ, चार फोटो. त्या दुखण्यातून गेलेला माणूस मात्र एकही नाही. मग म्हटलं, आपणच लिहावं.

२०१९ साली आमची मंडळी गेली. मी अंथरूण सोडीना, तेव्हा मुलानं बेळगावला दवाखान्यात नेलं (कोणत्या ते राहू द्या). डॉक्टर कन्नडमधून विचारणार, मी खानापूरकडचा, मराठी शाळेतला. मधे कंपाउंडर दुभाषी. मी म्हटलं, "जीव वरखाली होऊलाय, घर खायला उठूलंय." त्यानं ते दोन शब्दांत उरकलं आणि माझी रवानगी ईसीजीला! ईसीजी उत्तम आला. घर खायला उठतंय, ते कुठल्या पट्टीवर उमटणार?

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की रुग्णाला कळेल अशा सोप्या भाषेत माहिती द्यावी. तुमच्या तज्ज्ञांना ते ठाऊक असेलच. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर छापलात, चांगलं केलंत. पण समोर बसलेल्या माणसाचं काय?

हे सीमाप्रश्नाचं पत्र समजून बाजूला ठेवू नका. तिथली सिस्टर कन्नडच होती. "येन आतु, काका?" (काय झालं, काका?) म्हणून पाच मिनिटं शेजारी बसली. मला तेवढं कन्नड कळतं.

गोळ्यांनी गुण आला, नाही कशाला म्हणू? पण उठवलं ते भजनी मंडळानं. एकादशीला ओढून नेलं, हातात टाळ दिला. तीन एकादश्या तो नुसता मांडीवर धरून बसलो. कुणी 'वाजवा' म्हटलं नाही की 'कसं वाटतंय' विचारलं नाही. चौथीला वाजला. डॉक्टरांना हे सांगितलं तर म्हणाले, "टाइमपासला बरंय." त्यांच्या कागदावर माझ्या बरं होण्याच्या खात्यात फक्त गोळ्यांची नावं आहेत.

आणि हो, त्याच पानावर तळाला 'करणी, भूतबाधा, २४ तासांत खात्रीशीर उपाय' ही जाहिरात कोणत्या तज्ज्ञाच्या सल्ल्यानं छापली? वर 'अंधश्रद्धा टाळा' आणि खाली बाबाचा मोबाइल नंबर. तोही तज्ज्ञांच्या नावांपेक्षा ठळक टाइपात.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
ता. खानापूर